देखणा बोकड बाजारात, उरलेला कळपात

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचे शब्दांकन)



सुगीत खळ्यावर ज्वारीची कणसे पडलेली असतात, तेव्हा घरातली म्हातारी काय करते ते आठवा. ती ढिगाभोवती फिरते. भरलेले, टपोऱ्या दाण्याचे, कीड न लागलेले कणीस उचलते आणि बाजूला ठेवते. ते कणीस दळणाला जात नाही, बाजाराला जात नाही. दारात व्यापारी येऊन दीडपट भाव देतो म्हणाला, तरी बियाण्याचे गाठोडे कोणी सोडत नाही. सगळ्यांत चांगले ते बियाण्याला आणि उरलेले ते विकायला, हे आपल्याला कुणी शिकवावे लागले नाही.

आता त्याच घराच्या गोठ्याकडे या. तिथे पाच-सहा शेळ्या आहेत. सहा-सात करडांत एक बोकड असा निघतो की येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर त्याच्यावर पडावी. अंगाने भरलेला, पांढराशुभ्र, शिंगे मागे वळलेली, मान वर. त्याचे आपण काय करतो? बकरी ईद आली की सगळ्यांत आधी त्यालाच विकतो. आणि शेळ्यांना लावायला कोण उरतो? ज्याला व्यापाऱ्याने हात लावून सोडून दिले, तो.

ज्वारीत आपण सगळ्यांत चांगले राखतो आणि शेळीत सगळ्यांत वाईट राखतो. घर तेच, माणसे तीच, व्यवहार मात्र उलटा. आज एवढीच एक गोष्ट तुमच्यापुढे मांडायची आहे.

आमची चूक

हे शहाणपण आम्ही पुस्तकातून आणलेले नाही, ते अंगावर शेकून आले. आम्ही संगमनेरच्या पठार भागातली काही घरे. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर माळ. शेळी प्रत्येक दारात. चार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका घरी असाच देखणा बोकड झाला. ईदेच्या तोंडावर व्यापारी आला, रुमालाखाली बोटे दाबली गेली, सौदा झाला. पैसे रोख मिळाले, त्या पैशांत शाळेची फी आणि खताची उधारी भागली. आम्ही खूश होतो.

मागे एक मध्यम बोकड राहिला होता. त्याने त्या वर्षी आजूबाजूच्या सगळ्या शेळ्या फळवल्या. पुढच्या वेताची करडे बारीक झाली. त्याच्या पुढच्या वेताला तोच बोकड स्वतःच्या पोरींना लागला. करडे आणखी बारीक, दोन तर जन्मतःच अधू. आम्ही आधी चाऱ्याला दोष दिला, मग पावसाला, मग रोगाला. दोष आमच्या व्यवहारात होता. एक बोकड विकला असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात तीस शेळ्यांचे बियाणे विकले गेले होते.

शेळीला एका वेताला बहुधा एक किंवा दोन करडे होतात. बोकडाला मात्र एका हंगामात २५-३० शेळ्यांची करडे होतात. म्हणजे एक बोकड चुकला तर पाऊण गावाची पुढली पिढी चुकते. आणि एक बोकड साधला तर तेवढीच सुधारते.

आपली संगमनेरी

आपल्या जिल्ह्याचे कागदोपत्री नाव आता अहिल्यानगर झाले. २०२४ साली तसा सरकारी निर्णय झाला. पण देशभरच्या पशुशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे नाव त्याआधी कितीतरी वर्षे छापलेले आहे, ते या शेळीमुळे. संगमनेर, अकोले, राहुरी, कोपरगाव, राहाता आणि शेजारच्या नाशिक-पुण्याच्या काही भागांत ही शेळी आहे. महाराष्ट्रात शेळीच्या नोंद झालेल्या जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि विदर्भातली बेरारी. उस्मानाबादी बहुतेक काळी आणि मटणासाठी नावाजलेली. संगमनेरी बहुतेक पांढरी, पण काळी, तपकिरी, ठिपक्यांचीही असते. ती मटणही देते आणि घरच्या चहापुरते, लेकराच्या वाटीपुरते दूधही देते: दिवसाला अर्धा ते एक लिटर. मादी साधारण ३० किलोच्या आसपास, बोकड ४० च्या आत-बाहेर.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाखाली बरीच वर्षे काम चालू आहे, आणि ते शेतकऱ्यांच्या दारातल्या कळपांत चालते. निवडक बोकड देणे, वजने घेणे, नोंदी ठेवणे, हे त्या कामाचे स्वरूप. पण एक विद्यापीठ किती दारांना पुरणार? २०१९ च्या पशुगणनेत राज्यात एक कोटीवर शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांचे बियाणे ठरवणारा माणूस विद्यापीठात बसलेला नाही. तो इथे, या सतरंजीवर बसलेला आहे.

तुमच्यापैकी बरेच जण शेवगाव, पाथर्डी, नेवाशाचे, कपाशीवाले. बरेच पारनेर, कर्जत, जामखेडचे, शाळूवाले. तुम्ही म्हणाल, आमचा जीव पिकात, शेळी ती काय, बायका सांभाळतात. मग सांगा, ज्या वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली किंवा शाळूला ओल मिळाली नाही, त्या वर्षी दिवाळी कशावर झाली? २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हातारा बैल विकणे अवघड झाले. शेळीला मात्र आजही कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावात गिऱ्हाईक आहे. शहरातले लोक तिला गरिबाची गाय म्हणतात आणि विषय संपवतात. आम्ही तिला कोरडवाहू शेतकऱ्याची हातातली शिल्लक म्हणतो. आणि शिल्लक कुणी डोळे मिटून सांभाळत नाही.

रूपाला दाम आहे

काही कार्यकर्ते म्हणतात, रूपाचे काय घेऊन बसलात? रंग, शिंगे, कान हे हौशी लोकांचे चोचले. आपण वजन बघावे. हे म्हणणे अर्धेच बरोबर आहे.

पुन्हा ज्वारीकडे चला. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सी.एस.एच.-१. उतारा पुष्कळ. पण खरिपात दाणे भरताना पाऊस लागला की संकरित ज्वारीचा दाणा काळा पडतो आणि बाजारात त्या दाण्याला कोणी विचारत नाही. उलट आपली रब्बीची मालदांडी. ३५-१ हा तिचा वाण मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतूनच निवडून काढला. उतारा संकरितापेक्षा कमी. पण मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा. आज नव्वद वर्षे होत आली, शाळूच्या रानातून ती कोणाला हलवता आली नाही. दाण्याचे रूप हा मालदांडीचा चोचला नाही, तो तिचा भाव आहे.

बोकडाचेही तसेच. कुर्बानीच्या जनावराबद्दल धर्माचे नियम आहेत. ते आंधळे, लंगडे, रोगट नसावे. कान कापलेला नसावा. शिंग मुळातून मोडलेले नसावे. शेळीच्या जातीचे जनावर वर्षाचे पुरे झालेले असावे. म्हणून व्यापारी तोंड उघडून दोन दात आले का ते पाहतो. हे सगळे रूपच आहे, आणि याला रोख दाम मिळतो. आमच्यातल्या एकाने ओळख पटावी म्हणून करडांच्या कानाला कात्रीने खाच मारली. वर्षभराने त्यातल्या चांगल्या बोकडाचा भाव त्या खाचेपायी पडला. तेव्हा ओळखीसाठी गळ्यात दोरी आणि बिल्ला बांधा, कान कापू नका.

पण रूप-रूप म्हणताना त्यातही तीन प्रकार आहेत, ते वेगळे करू.

पहिले कामाचे रूप. सरळ पाय, मजबूत खूर, सपाट पाठ, खोल छाती, वरचा-खालचा जबडा एकमेकांवर नीट बसलेला. बोकडाच्या दोन्ही गोळ्या उतरलेल्या आणि सारख्या. शेळीची कास मऊ आणि दोन सड मोकळे. या रूपाशिवाय जनावर माळावर टिकत नाही.

दुसरे बाजाराचे रूप. अखंड शिंगे, अखंड कान, तुकतुकीत कातडी, उंच उभा बांधा. ईदेला पांढरा रंग, तर एखाद्या जत्रेच्या नवसाला काळाच रंग. हे रूप भाव वाढवते.

तिसरे हौसेचे रूप. गुडघ्यापर्यंत लोंबणारे कान, पोपटासारखे बाकदार नाक, खालचा जबडा पुढे आलेला. याला शहरातले हौशी लोक मोबाईलवर फोटो बघून पैसे देतात. पण जबडा जुळत नसलेले जनावर माळावरचे खुरटे गवत तोडू शकत नाही, आणि लांब कान बोरी-बाभळीच्या काट्यात फाटतात. ज्याच्याकडे दावणीला बांधून खुराक द्यायला पैसे आहेत, त्याने हे रूप पोसावे. आपले ते काम नव्हे.

विलायतेतल्या बदकाची गोष्ट

रूप आणि उत्पन्न दोन्ही एका वाणात बसवता येतात का? येतात. एक दूरची गोष्ट सांगतो. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात बदकाचे नाव काढले म्हणून हसू नका.

इंग्लंडमध्ये सफोक नावाच्या परगण्यात रेजिनाल्ड ॲपलयार्ड नावाचे एक गृहस्थ होते. १९३० च्या दशकात त्यांनी बदकाचा एक वाण बांधायला घेतला. त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या: पक्षी दिसायला सुंदर हवा, छाती मांसाने भरलेली हवी आणि अंडी भरपूर हवीत. तिन्हीत बसेल तोच पक्षी पुढच्या पिढीला ठेवायचा. त्यातून चंदेरी झाक असलेले बदक तयार झाले, ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

पण गोष्ट इथे संपत नाही. ॲपलयार्ड वारले आणि त्या बदकांचे कळप विखुरले. वाण जवळजवळ गेल्यातच जमा झाला. पुढे दुसऱ्या एका पाळणाऱ्याने तो पुन्हा जमवला. त्याने आधार कशाचा घेतला? त्या वाणाच्या जोडीचे १९४७ साली काढलेले एक चित्र होते, त्याचा. चित्र समोर ठेवायचे आणि पक्षी निवडत जायचे.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, काय हवे ते आधी ठरवले तर रूप आणि उत्पन्न एकत्र नांदतात. दोन, वाण एकाच माणसाच्या दारात आणि एकाच डोक्यात राहिला, तर त्या माणसाबरोबर तो जातो. चित्रावरून रूप परत आणता येते. कुठले बदक वर्षाला किती अंडी घालत होते, हे कुठल्याही चित्रात दिसत नाही. ते वहीतच लिहावे लागते.

रूप फसवते ते इथे

आता नीट ऐका, कारण आम्ही स्वतः इथेच सर्वांत जास्त फसलो.

ठेचून एक बोकड ठेवायचा असे ठरवले, तेव्हा आम्ही कळपातला सगळ्यांत थोराड बोकड निवडला. सगळे खूश. मग एका मावशीने विचारले, "हा एकटा झालेला ना? त्याच्या आईला कधी जुळे झालेच नाही." सगळे गप्प.

बघा कसे होते ते. एकटे जन्मलेले करडू आईचे सगळे दूध एकटे पिते. साहजिकच ते तीन महिन्यांचे होईतो जुळ्यातल्या करडापेक्षा डोळ्यात भरते. आपण डोळ्यांनी निवडत गेलो, तर दर पिढीला एकटे जन्मलेलेच निवडत जातो, म्हणजेच एकेक करडू देणाऱ्या आयांची पोरे निवडतो. दिसायला कळप थोराड होत जातो आणि कळपातली जुळी कमी होत जातात. शेळीचा सगळा नफा तर जुळ्यात आहे!

जुळे होण्याचा गुण रक्तात उतरतो, याचे मोठे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल नावाच्या बुटक्या मेंढीतला जुळ्यांचा गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणला. गॅरोल दिसायला काहीच नाही, लहानशी मेंढी. तिच्या रूपाकडे पाहिले असते तर कोणी तिला दावणीलाही बांधले नसते. पण जुळ्यांचा गुण तिच्यात होता. तो घेतला आणि अंगलट दख्खनीची राखायची खटपट केली.

म्हणून जुळ्यातल्या बोकडाची तुलना जुळ्यातल्याशीच करा. जुळ्यातला असून जो एकट्याच्या जवळपास वजनाला येतो, तो खरा बोकड.

दुसरी फसगत रंगाची. पांढऱ्या बोकडापोटी काळे करडू झाले की लोक म्हणतात, वाण बाटला. तसे नसते. पांढऱ्या रंगाखाली दुसरा रंग लपून राहू शकतो आणि पुढच्या पिढीत वर येतो. संगमनेरीचा एकच रंग कधी नव्हता. जुळे देणाऱ्या चांगल्या शेळीला केवळ ठिपके आहेत म्हणून खाटकाकडे पाठवू नका.

तिसरी शिंगांची. काही जण बिनशिंगी जनावर पसंत करतात, मारत नाही म्हणून. पण बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला लावला, तर होणाऱ्या करडांत काही ना नर ना मादी अशी, कायमची वांझ निघतात. युरोपातल्या दुधाळ शेळ्यांत हे फार आधीपासून ठाऊक आहे. बोकड शिंगांचाच ठेवा.

परके रक्त

गेली काही वर्षे गावोगाव गाड्या येतात. बोअर, सिरोही, जमनापारी, बीटल, सोजत. एकेका बोकडाची किंमत ऐकून घाम फुटतो. या जाती वाईट नाहीत. ज्या मुलखाच्या आहेत त्या मुलखात उत्तम आहेत. बोअर तर आफ्रिकेतली मटणासाठी घडवलेली जात, संकराची पहिली पिढी झपाट्याने वाढते. त्या पहिल्या पिढीतले सगळे विकायचे असतील आणि खुराक विकत घ्यायची ऐपत असेल, तर खुशाल करा. शेतकऱ्याला काय पाळायचे याचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे.

पण कपाशीवाल्यांनो, तुम्हाला हे जास्त समजावायला नको. २००२ साली बीटी आली, तीही संकरित रूपात. संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर पहिल्यासारखे झाड येत नाही, म्हणून दर साली पाकीट आणावे लागते. संकरित शेळीचेही तेच. पहिली पिढी एकसारखी, पुढची विस्कटलेली. कुणी बापावर, कुणी आजीवर, कुणी कुणावरच नाही. मग पुन्हा गाडीवाल्याकडे बोकड मागायला जायचे. आणि एवढ्यात आपली माळावर जगणारी, पऱ्हाटीवर आणि बाभळीच्या शेंगांवर वाढणारी शेळी हातची जाते. ती एकदा गेली की पाकिटात मिळत नाही.

चार चाळण्या

मग निवडायचे कसे? आम्ही चार चाळण्या ठरवल्या आहेत. क्रम महत्त्वाचा, वरची चाळणी ओलांडल्याशिवाय खालची नाही.

पहिली चाळणी आईची. जिने दुसऱ्या आणि तिसऱ्या वेताला जुळे देऊन दोन्ही करडे जगवली, जी दोन वर्षांत तीनदा व्याली, जिला दूध आहे, तिचाच मुलगा उमेदवार. हे सगळे कुठल्या कार्यालयात मिळत नाही. ते घरातल्या बाईला तोंडपाठ असते. म्हणून निवडीला पुरुषांची बैठक भरवू नका, शेळी सांभाळणारीला विचारा.

दुसरी चाळणी वजनाची. जन्मतः, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. ताणकाटा आणि पोत्याची झोळी एवढ्यावर काम होते. शाळेची वही घ्या आणि रकाने पाडा: करडाची खूण, आई, बाप, जन्मतारीख, एकटे की जुळे, तीन वजने. तुलना एकाच हंगामातल्या करडांची करा. पावसाळ्यात पाला खाल्लेल्याची उन्हाळ्यात वाळलेले चघळणाऱ्याशी तुलना केली, तर निवड बोकडाची होत नाही, पावसाची होते.

तिसरी चाळणी कामाच्या रूपाची: पाय, खूर, जबडा, गोळ्या. इथे कसूर असेल तर वजन कितीही असो, बाद.

चौथी चाळणी बाजाराच्या रूपाची. तीन चाळण्यांतून जे दोन-तीन उरतील, त्यांतला सर्वांत देखणा घ्या. इथे मनसोक्त हौस करा. पांढरा आवडतो तर पांढरा घ्या, शिंगांचा डौल बघा. रूप शेवटी बघायचे, पण बघायचे जरूर.

पहिल्या तीन महिन्यांच्या वजनानंतर तीन-चार उमेदवार ठेवून बाकीचे बोकड पशुवैद्याकडून चिमट्याने खच्ची करून घ्या. करडू चार-पाच महिन्यांत माजावर येऊन आईला, बहिणीला लागू शकते. खच्ची बोकड शांत राहतो, अंगी लागतो आणि कुर्बानीलाही चालतो. ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते, ते धरून हिशेब करा: दोन दाती व्हायला सव्वा-दीड वर्ष, पोटात पाच महिने.

आणि आंत्रविषाराची व पीपीआरची लस वेळेवर टोचा. मेलेल्या करडातून निवड करता येत नाही.

तोटा कुणी सोसायचा?

आता खरा प्रश्न. चार चाळण्यांतून निवडलेला बोकड ज्याच्या दारात आहे, त्याने तो ईदेला का विकू नये? त्याच्याही मुलीचे लग्न आहे, त्याच्याही बँकेचा हप्ता आहे. "वाणासाठी त्याग कर" असे त्याला सांगणारे आम्ही कोण? शेतकऱ्याला त्याग शिकवणारे या देशात पुष्कळ झाले.

त्याग नको, हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतो. तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला.

समजा १० घरे, प्रत्येकी ३ शेळ्या, एकूण ३०. चांगल्या बोकडाला ईदेला २०,००० रुपये आले असते. नुसता कळपाला म्हणून ठेवायचा बोकड १२,००० चा. चारा दोघेही सारखाच खातात, म्हणजे चांगला राखल्याचा जास्तीचा खर्च ८,००० रुपये. ३० शेळ्यांवर वाटला तर शेळीमागे २६७ रुपये, तेही दोन वर्षांसाठी.

मिळाले काय? निवडलेला बोकड बरोबरीच्यांपेक्षा सहा किलो जड असेल, तर करडे सहा किलो जड होणार नाहीत. त्या सहातला बराच वाटा चाऱ्याचा आणि आईच्या दुधाचा. रक्तातला जो असेल त्यातला निम्माच करडात उतरतो, उरलेले निम्मे आईकडून येते. तेव्हा एक किलोच वाढ धरा. ३० शेळ्या दोन वर्षांत तीनदा व्याल्या तर ९० वेते. दीडच्या हिशेबाने १३५ करडे. मर आणि घरी ठेवलेली वजा जाता ९० विकली. ९० किलो जास्त वजन, जिवंत वजनाला किलोला ४०० रुपये धरले तर ३६,००० रुपये. खर्च ८,०००, प्राप्ती ३६,०००. शिवाय जुळी वाढली तर ती वेगळी, आणि दोन वर्षांनी बोकड विकून येईल ते वेगळेच.

म्हणून आम्ही ठरवले: बोकड ज्याच्या घरचा, त्याला ईदेच्या भावातला फरक दहा घरांनी आधी रोख द्यायचा. मग बोकड गावाचा. कोणाचे उपकार नाहीत, कोणाचा त्याग नाही. दोन वर्षे झाली की तो शेजारच्या गावाच्या बोकडाशी बदलायचा, म्हणजे बाप पोरीला लागत नाही. बदलण्याआधी पशुवैद्याकडून ब्रुसेलाची तपासणी करून घ्यायची, म्हणजे बोकडाबरोबर रोग गावात येत नाही.

आणखी एक. आपण वजन वाढवले, पण विक्री नजरेनेच होत राहिली, तर वाढलेले किलो कोणाच्या खिशात जाणार? घोडेगाव असो, काष्टी असो, लोणी असो. बोकड आपल्याकडून अंदाजाने घेतला जातो आणि पुढे किलोवर विकला जातो. म्हणून बाजाराला निघताना घरी काट्यावर वजन करा, आकडा खिशात ठेवा. रुमालाखाली बोटे दाबली जातील तेव्हा तुमच्याकडेही एक आकडा असेल. रूपाचे पैसे वर घ्या, वजनाचे सोडू नका.

पुढच्या बैठकीपर्यंत

ठराव करून टाळ्या वाजवून उठायचे नाही. प्रत्येक गावाने तीन कामे करून यायची. एक, दहा घरे जमवायची आणि एक वही सुरू करायची. दोन, वहीच्या पहिल्या पानावर गावातल्या जुळे देऊन दोन्ही जगवणाऱ्या शेळ्यांची नोंद करायची, घरातल्या बायांना विचारून. तीन, या वर्षी जन्मलेल्या बोकडांतले उमेदवार ठरवायचे आणि येत्या ईदेआधी ते दारातून हलणार नाहीत, एवढी रक्कम आधी गोळा करायची.

आमच्या पठारावर तीन उमेदवार आहेत. तिघेही जुळ्यातले. एक पांढरा, एक तांबूस ठिपक्यांचा, एक काळ्या तोंडाचा. पांढऱ्याला आत्ताच दोनदा मागणी येऊन गेली. सहा महिन्यांचे वजन पुढच्या महिन्यात होईल. काटा ज्याच्या बाजूने जाईल तो राहील आणि पांढरा हरला तर तो ईदेला जाईल, चांगल्या भावाने. या वेळी काय राखले आणि काय विकले, हे आम्हाला माहीत असेल.